दगूची घागर

मुंबई, ता. १२ एप्रिल १९६६

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

आम्ही सहाही जणी खुशाल पोचलो. सिलोन, जपान, पोलंड, कुठकुठल्या बायकांचे व्हॉलीबॉल क्लब आलेत! एकेक पोरगी अशी उंच, की नेटवरून वाकून आपल्या ताटातलं उचलेल. हरलं की घरी, असा खेळ. काल पहिला सामना जिंकलो. मायला सांगा, लाडू संपले, निम्मे चुडामण मास्तरांनीच उडवले.

एक सांगायचं राहिलं. क्लबच्या खेळाडूंची नावं आषाढातच गेली होती. श्रावणात आपली दगूताई तापाने गेली. आता नवीन नाव चालत नाही, म्हणून मास्तरांनी सरावापासूनच मला तिच्या जागी दगूबाई केलंय. भोंग्यावर 'दगूबाई' पुकारतात आणि मी धावते. मैत्रिणीही दगू, दगू ओरडतात. आबा, काल सर्व्हिस माझ्या डाव्या हाताने गेली. डावखुरी ती, मी तर डाव्या हाताने कधी काहीच केलं नाही. चेंडू मात्र तिच्यासारखाच कोपऱ्यात पडला. मला भीती वाटली.

मायेची सावली असू द्यावी.
आपली शांती

कोरीट, ता. १५ एप्रिल

चि. शांतीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं आणि तुझ्या मायची भाकरी तव्यावरच करपली. पुढच्या शनिवारी अक्षय्यतृतीया, आपली अखाजी. दगूच्या नावाची पहिली घागर. ती भरल्याशिवाय गेलेलं माणूस तहानेलं फिरतं, हे तुला सांगायला नको. मी कुंभाराकडून घागर आणली, वर ठेवायला डांगराचं फळ आणलं. पण माय हात लावीना. म्हणते, ते नाव आता जित्या लेकीच्या अंगावर शे, त्या नावाने पाणी दिलं तर ही पण जाईल.

तीन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून हिला दगू म्हटलं. दगडाला मरण उचलत नाही म्हणतात. कसलं काय! मी मायला खुळी म्हणालो खरा, पण घागर भरायचा धीर मलाही होईना. न भरावी तर दगू तहानेली, भरावी तर तुझा घोर. तुझी जिंकायची हौस मला का कळत नाही? तूच सांग बेटा, काय करू?

जिवाला जप.
आबा

मुंबई, ता. १९ एप्रिल

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज सकाळी मिळालं आणि दुपारी सिलोनशी सामना होता. जिंकलो असतो तर फायनल. भोंग्यावर दगूबाईचं नाव पुकारलं. मी जागची हलले नाही. पुन्हा पुकारलं, तेव्हा पंचांपाशी गेले. म्हटलं, मी शांती. दगूबाई माझी थोरली बहीण, ती श्रावणात वारली. मास्तर डोकं धरून मटकन खाली बसले. पाच जणींना खेळता येत नाही. सामना न खेळताच आम्ही बाद. संघातली फुलवंता माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं काही चुकलं नाही.

मग मी ताईसाठी रडले, आबा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आधी तिचं नाव घेऊन रडावं, तर ती हाक मलाच लागायची. आता घागर भरा. निर्धास्त भरा.

मायला म्हणावं, राग धरू नये.
आपली शांती

कोरीट, ता. २३ एप्रिल, अखाजी

चि. शांतीस अनेक आशीर्वाद.

घागर भरली. मायनेच भरली, दगूचं नाव घेतलं आणि धाय मोकलून रडली. मी चुलीत तिच्या नावाचा घास टाकला. गल्लीत पोरी झोके घेताहेत, गाणी चालली आहेत. फुलवंताला आंबे खायला घेऊन ये, तिची समजूत मी काढतो. सामने काय, पुन्हा होतील. तू केलंस ते मोठं केलंस, पोरी.

पण एक विचारतो. तुझं पत्र घागरीपाशी पडलं होतं. मायला अक्षरओळख नाही, तरी तिने ते उचललं, उलटंपालटं केलं आणि म्हणाली, हाई ते मन्ही दगूनं अक्षर शे. मी हसलो. मग चष्मा लावला. पहिल्या पत्रातलं तुझं अक्षर सरळ, आणि यातलं सगळं डावीकडे कललेलं. दगूचं असायचं तसंच. शांते, कोणत्या हाताने लिहिलंस?

उत्तर धाडू नकोस, मिळेल त्या गाडीने नीघ. माय सकाळपासून घागरीपाशी बसून आहे. म्हणते, पाणी काठोकाठ तसंच शे, दगू इकडे प्यायला आलीच नाही. शांतीला कळवा म्हणते, घाबरू नको, दोघी या.

वाट पाहतो.
आबा