उभी ऱ्हा!

बेल्हे

तीर्थरूप आईस रत्नाचा नमस्कार.

तळेघरला फोन लागत न्हाई, म्हणून बैलबाजाराला आलेल्या रामनाथदादाच्या हाती हे पत्र देते. आमी सगळी बरी हाय. गोठ्याला जाळी मारली. कुत्रं मात्र आता पाळणार न्हाई. तुझी नाचणी काढून झाली का?

बिबट्याचं तू दुसऱ्या कुणाकडनं ऐकण्याआधी मीच सांगते. परवा उसाच्या कडंला मी वाकून गवत कापत व्हते. थोरल्या जाऊबाई राखणीला उभ्या व्हत्या. त्या एकदम वरडल्या, "रत्ने, उभी ऱ्हा!" मी ताठ झाले, दोन्ही हात वर केले. दोन सऱ्यांपलीकडं बिबट्या दबून बसला व्हता. माझ्याकडं बघत बघत उसात शिरला. मला काय बी झालं न्हाई. वनखात्याची माणसं सांगतात, वाकलेलं माणूस त्याला शेरडागत दिसतं. म्हणून इथं एकीनं कापायचं, दुसरीनं उभं ऱ्हायचं.

तू ये, पण एसटीतनं उतरलीस की चालत निघू नको. कधी येणार ते दादाकडनं कळव, हे मोटारसायकल घेऊन थांबतील. तू म्हणशील, माझ्या पायांना काय धाड भरलीय?

पाय न्हाई गं, पाठ. जन्मभर भाताची लावणी करून तू कायमची वाकलीस. तुला कुणी "उभी ऱ्हा" म्हणून वरडलं, तर तू काय करशील?

उंबऱ्याच्या आत आलीस की पाया पडीन. अंगणात न्हाई.

तुझी
रत्ना