एका दिवसाची वाट

३ मार्च २००९, मंगळवार

नाही म्हणाला. युद्धातले नकाशे बाहेर न्यायचे नाहीत, कॉपी हवी तर साहेबांची सही हवी, आणि साहेब लाए शहरात गेलेत. नकाशांच्या खोलीत तो एकटाच बसतो. हेनाओ नाव, पोट सुटलेलं, बोलायला गोड. "सिस्टर, लहानपणी माझ्या हनुवटीला तुम्हीच टाके घातलेत," म्हणाला. असतील घातले. निम्म्या मोर्सबी शहराला घातलेत. म्हटलं, मग त्या टाक्यांच्या पुण्याईने तरी दे. हसला, पण दिला नाहीच.

घरी येऊन भात टाकला, डब्यातला मासा उघडला. रेडिओ लावून ठेवला. काय चाललंय ऐकत नव्हते, नुसता आवाज हवा होता.

९ मार्च, सोमवार

सही मिळाली. "कशाला हवाय हो, सिस्टर?" हेनाओने विचारलं. हवाय, एवढंच सांगितलं. उगाच गावभर कशाला.

इथे लिहायला हरकत नाही. त्रेचाळीस साली ऑस्ट्रेलियन सैनिकांनी बाबांना, म्हणजे किटोंबिंगना, ओझी वाहायला नेलं. मी अंगावर पिणारी. परत आलेच नाहीत. लोक म्हणायचे, किटोंबिंगला सैनिकांच्या डब्यातल्या मटणाची चटक लागली, तो कशाला येतोय रताळी खायला. आईचं मात्र एकच वाक्य, आयुष्यभर — "यायचं असतं तर आला असता." मरतानाही तेच म्हणाली. चार वर्षं झाली. नंतर नवराही गेला. मूलबाळ नाही. आता ते वाक्य मी एकटीच ऐकते.

मला एकच बघायचंय. सैनिकांचा तळ ते आमचं गाव, वाट किती? डोंगरांपलीकडची, आठवड्याची निघाली तर बाबांना माफ. एका दिवसाची निघाली तर आईचं खरं.

गाव आता जागेवर नाही. युद्धानंतर सगळे खाली किनाऱ्याच्या रस्त्यावर राहायला आले, वरचं रानाने गिळलं. हुमेक त्याचं नाव. आजोबांचंही, आईच्या वडिलांचं, तेच, गावाच्या नावावरून ठेवलेलं.

१० मार्च

कागद मशीनपेक्षा मोठा! हेनाओने तुकड्यातुकड्याने कॉपी काढून दिली. जमिनीवर मांडून चिकटपट्टीने जोडत बसले. गुडघे बोलायला लागले. तळ सापडला. तिथून वाट वर चढते, नदी ओलांडते, आणि नेमका आमचा डोंगर सुरू होतो तिथे नकाशा संपतो. माझं नशीब!

हेनाओला फोन केला. "शेजारचा भाग आपल्याकडे नाही, सिस्टर. कॅनबेराच्या लायब्ररीला लिहितो. पाठवतील. पण त्यांच्या सवडीने."

सवड मलाही आहे. भरपूर आहे.

२९ मार्च, रविवार

काही आलं नाही. चर्चमध्ये बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी. तिथे पिशवी ठेवली.

१२ एप्रिल, ईस्टर

सवयीने तिघांचं शिजवलं. दोन दिवस तेच पुरेल.

१६ एप्रिल, गुरुवार

आला. दोन्ही भाग शेजारी ठेवले, वळणावळणावरून दोरा धरत गेले, आणि दोरा पट्टीवर मोजला. एका दिवसाची वाट. पाय चांगले असतील तर दुपारीच पोहोचेल माणूस.

आईचं खरं होतं.

आणि हुमेक तर नकाशावर नाहीच. डोंगराखाली, झरा निघतो तिथे, बरोबर आमच्या जागी भलतंच नाव छापलंय. आमच्याच भाषेत — 'थोरल्यांचं पाणी'. असलं गाव आमच्याकडे कधी नव्हतं. पुढे बारीक अक्षरात 'ओसाड'. हेनाओला दाखवलं. तो म्हणाला, चव्वेचाळीस साली हा भाग सैनिकांनी पायी हिंडून तपासलाय, समोर गाव दिसलं की सोबतच्या हमालाला नाव विचारायचे आणि तो सांगेल ते लिहायचे. "तुमच्या हमालाने थाप मारली, सिस्टर. ओझ्याने वैतागला असेल बिचारा." मीही हसले. बसमध्ये मात्र रडू आवरेना. समोरच्या बाईने सुपारी पुढे केली. खाल्ली.

१९ एप्रिल, रविवार

नकाशे गुंडाळून कपाटावर टाकले होते. आज परत काढले.

सकाळी शेजारच्या माइनाओचा नवा जावई कुंपणाशी आला. आमच्याच डोंगराकडचा पोरगा. "सिस्टर, ते... घरचे थोरले दिसले का?"

"कोण? माइनाओ?"

मान खाली. मी चिडवलं, "नाव घे की. जीभ पोळते का सासऱ्याच्या नावाने?"

"पोळत नाही. पण नको, सिस्टर."

तो गेला. मी रताळ्यांची पाटी तशीच हातात धरून उभी. दात उपटले तरी आमचा माणूस सासऱ्याचं नाव तोंडातून काढणार नाही. त्याच नावाचं दुसरं काही असेल, गाव असो की झाड, तेही आडवळणानेच बोलणार. दुसरा कुठलाही हमाल सरळ हुमेक म्हणाला असता, त्याला कसली आडकाठी? आणि हुमेकआजोबांना लेक एकच, माझी आई. जावईही एकच.

म्हणजे बाबा आले होते. साहेब वही काढून विचारत होता, आणि बाबा आपल्याच घरासमोर पाठीवर ओझं घेऊन उभे. घरं रिकामी. मळ्यात गवत. ओसाड. सगळे मेले असंच वाटलं असणार त्यांना. तरीही सासऱ्याचं नाव घेतलं नाही.

२० एप्रिल, सोमवार

आम्ही मेलो नव्हतो. सगळं गाव वरच्या गुहेत लपलं होतं. खालून बुटांचा आवाज आला की आई माझं तोंड हाताने दाबून धरायची. तीच सांगायची मला, हसत.