चौथ्या खाटेचा टीव्ही

सोमवार, ४ मार्च

आज दवाखान्याच्या खोलीतले चारही टीव्ही पुन्हा एकदम बंद! मी हिच्या खाटेशी बसून हिला सांगत होतो, घरचा नळ परत गळायला लागलाय, वायसर बदलला तरी ऐकत नाही — तेवढ्यात चारही पडदे काळे. शिंपीणकाकू खिडकीजवळच्या खाटेवरून ओरडल्या, "झालं! सून आत्ता कुठे तोंड उघडत होती!" मालिकेतली सून. लगेच समोरच्या मास्तरीणबाईंकडे बोट. बाई चष्म्यावरून म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? मी बातम्या ऐकत होते." "म्हणूनच तर तुम्हाला आमचं बघवत नाही!" झालं, जुंपली.

दोष कुणाचाच नाही. चार खाटा, चार टीव्ही, एकाच दुकानातून एकाच वेळी आणलेले — जुळी भावंडंच. प्रत्येकीजवळ रिमोट, आणि चारही रिमोटांची भाषा एकच. एकीनं बटण दाबलं की चौघांना हुकूम! कोणी दाबलं हे कळायला मार्ग नाही. दाराजवळची आजी — तिला सगळे चिमणीच म्हणतात, जीव एवढासा आणि चिवचिव दिवसभर — ती म्हणाली, "भूत आहे हो या खोलीत. पण भूत बरंय, जाहिरातीच बंद करतं."

सगळ्या हसल्या. ही हसली नाही. ही कशालाच हसत नाही. झटका आल्यापासून वाचा गेली, उजवं अंग गेलं. डावा हात हलतो, पण डॉक्टर म्हणतात तो आपोआप हलतो. त्यात हिची इच्छा नाही.

बुधवार, ६ मार्च

तरुण डॉक्टर आज मला बाजूला घेऊन बोलले. पुढच्या शुक्रवारी, पंधरा तारखेला, शेवटची तपासणी. "समजतंय अशी एक तरी खूण दिसली पाहिजे, आजोबा. मी बोट उचला म्हटलं आणि उचललं, एवढं पुरे." नाही दिसली तर व्यायाम बंद, आणि हिला मागच्या इमारतीत हलवणार. तिथे नुसतं सांभाळतात. शिकवत काही नाहीत.

परत आलो तर खोलीत रणकंदन. मोठ्या सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या. "पुन्हा आवाज ऐकला तर चारही उतरवून माळ्यावर टाकीन!" आणि हिचा टीव्ही गेला तर? मी घरी गेल्यावर हिच्या कानावर माणसाचा आवाज पडायचा तो तेवढाच. मी म्हटलं, सिस्टर, दोन दिवस द्या. मी बघतो.

आयुष्य छापखान्यात गेलं. यंत्राच्या पोटात हात घालायची खोड आहे. शाळा थोडी, खोड फार!

गुरुवार, ७ मार्च

दुकानदार भला माणूस. म्हणाला, युनिव्हर्सल रिमोट घ्या. वर तीन बटणं असतात. जे बटण दाबाल त्या टीव्हीशीच तो बोलतो. पण आधी टीव्हीच्या आत छुप्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्यायचा. एका भावाला हाक मारल्यावर चौघांनी ओ द्यायची नाही, एवढंच!

मी विचारलं, तीनच बटणं? टीव्ही चार आहेत. "चार बटणांचा मागवावा लागेल, काका. वेळ लागेल." मग तीनवाला घेतला. हिचा टीव्ही मीच हाताने लावतो की. हिला काय करायचंय रिमोट!

शुक्रवार, ८ मार्च

करायला गेलो एक आणि झालं भलतंच! शिंपीणकाकूंच्या टीव्हीला दोन नंबर दिला, तर चौघांनीही दोन घेतला. साहजिक आहे — नंबर द्यायचा तो रिमोटनेच, आणि ऐकणार चौघं! मग बाकीच्या तिघांच्या डोळ्यांवर टॉवेल टाकले. तरी ऐकतात! पांढरी भिंत, किरण तिच्यावर आपटून टॉवेलखालून शिरतो म्हणे. मग उशा बांधल्या. सिस्टर आत आल्या आणि दारातच थबकल्या. "आजोबा, टीव्हींना ताप आलाय का?"

घामाघूम झालो. शेवटी चिमणी म्हणाली, "अहो, त्या तिघांच्या पिना काढा की भिंतीतल्या."

इतका वेळ डोकं कुठे गहाण ठेवलं होतं कोण जाणे!

शनिवार, ९ मार्च

जमलं!! शिंपीणकाकू दोन, मास्तरीणबाई तीन, चिमणी चार. हिच्या टीव्हीला पुन्हा जुनाच एक नंबर दिला. नवा रिमोट सिस्टरच्या खिशात राहणार, जुने तीन कपाटात गेले. नव्याला सेल नव्हते, तेव्हा हिच्याच रिमोटचे काढून घातले. रिकामा रिमोट मात्र हिच्या डाव्या हाताखाली परत ठेवला. पहिल्यापासून तिथेच असतो, हाताला धरायला काहीतरी लागतं.

दुपारभर काकूंची सून एकीकडे, बाईंच्या बातम्या दुसरीकडे, कुणाचं कुणाशी काही नाही! बाईंनी स्वतःहून काकूंना संत्र्याच्या फोडी दिल्या. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला नोकरीवर ठेवून घेते." चिमणी मात्र खट्टू झाली. म्हणते, "भूत गेलं. करमत नाही."

हिला सगळं सांगितलं. हिने तोंड फिरवलं.

रविवार, १० मार्च

काहीतरी बिनसलंय. हिचा डावा अंगठा सारखा रिमोटवर. दाबते, दाबते, दाबते. मग रिमोट खाली पडला. मी उचलून हाताखाली ठेवला. पुन्हा पडला. पडला की पाडला? तीनदा झालं. चौथ्यांदा डोळ्यांतून पाणी आलं हिच्या. आजवर एवढं झालं, ही रडली नव्हती.

सिस्टर म्हणाल्या, अस्वस्थता वाढतेय, हे लक्षण काही बरं नाही. कागदावर लिहून ठेवावं लागेल.

मंगळवार, १२ मार्च

आज दूधसुद्धा नाही. ओठ घट्ट मिटून.

बुधवार, १३ मार्च

लेकीचा फोन आला. तिने डॉक्टरांशी बोलून घेतलं होतं. "बाबा, मनाची तयारी ठेवा." मी म्हटलं, ठेवतो. काय ठेवतो? मन म्हणजे काय फडताळ आहे, तयारी काढून ठेवायला? तिला रागावलो. मग तीच रडायला लागली. "ती माझीपण आई आहे ना, बाबा." फोन ठेवल्यावर लाज वाटली. दूरदेशी एकटी आहे बिचारी, तिने तरी कुणावर डोकं टेकवावं!

आज हिला गोष्टी सांगायलाही सुचेना. नुसता हात धरून बसलो. डावा. तर तो ओढून घेतला. पुन्हा अंगठा त्या रिकाम्या रिमोटच्या खोक्यावर. आपोआप हलतो म्हणे. आपोआप हलणारा हात माझ्या हातातून बरोबर सुटून तिथेच कसा जातो? डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "सवय, आजोबा. आपण त्यात अर्थ शोधतो, कारण आपल्याला तो हवा असतो." खरं असेल. शिकलेला माणूस आहे, वाईट हेतूने बोलत नाही. पण जीव टांगणीला लागलाय.

गुरुवार, १४ मार्च

मागची इमारत बघून आलो. उद्या जे व्हायचं ते होईल, आपण आधी जागा तरी बघावी.

स्वच्छ आहे, नावं ठेवायला जागा नाही. चादरी कडक इस्त्रीच्या. पडदे ओढलेले. आमच्याकडे भिंतीला धरून चालायच्या दांड्या आहेत, इथे त्या काढून टाकल्यात, भोकं बुजवून वरून रंग दिलाय. टीव्ही नाही. तिथल्या बाई प्रेमळ. म्हणाल्या, "इथे त्यांना कसलाही त्रास नाही हो. कुणी काही करायला सांगत नाही."

तेच तर! कुणी काही करायलाच सांगत नाही! चव्वेचाळीस वर्षांत हिने मला एक दिवस नुसतं बसू दिलं नाही, आणि हिला मी तिथे नुसतं निजवून येऊ?

काकूंनी आज आपली मालिका बंद ठेवायला लावली. "उद्या तुमच्या मंडळींची परीक्षा. आम्ही गप्प राहतो." एवढं भांडणारी बाई.

शुक्रवार, १५ मार्च

जाताना दोन सेल विकत घेतले. दिवसभर कोरडं खोकं दाबत राहते, ते पाहवत नव्हतं. शेवटचा दिवस तरी खऱ्या रिमोटवर जावा. सेल घातले, टीव्ही लावला, आवाज बारीक ठेवला.

डॉक्टर आले. "आजी, बोट उचला." नाही. "डोळे मिटा." नाही. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "आजोबा, त्यांना आता आजूबाजूचं काही कळत—"

टीव्हीचा आवाज वाढला.

"सिस्टर, कमी करा तो." सिस्टरनी खिशातला रिमोट दाखवला. "माझा त्या टीव्हीला लागत नाही, सर." डॉक्टरांनी स्वतः जाऊन बटणाने आवाज उतरवला. "तर मी म्हणत होतो, मागच्या इमारतीत—"

पुन्हा वाढला. भलता मोठा!

डॉक्टर बोलायचे थांबले आणि हिच्या रिमोटवरच्या अंगठ्याकडे बघू लागले. आवाज हळूहळू खाली आला.