लाल गाडीची दुसरी सीट

॥ श्री ॥
कॉव्हेंट्री, ११ जानेवारी १९७०

ती. सहादेवमामांना गोरक्षचा सा. न. वि. वि.

इथे शिकायला येऊन चार वर्षं झाली, मामा. एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला माझा शेवटचा पेपर, आणि मे महिन्यात मी भिंगारला. पुढचं वाचून घ्या आणि मामीला लगेच सांगू नका. मला एक स्पोर्ट्स कार हवी आहे. उघडी, बुटकी, दोनच सीटची. तिच्यातून तुम्ही आणि मी अख्खी सुट्टी भटकायचं. भिंगारहून थेट कन्याकुमारी, जाताना आतल्या रस्त्याने आणि येताना जमेल तितकं समुद्राच्या कडेने.

हसू नका. मी दहा वर्षांचा असताना वर्कशॉपच्या फाटकाबाहेर एका कॅप्टनच्या उघड्या गाडीत जाऊन बसलो होतो आणि तुम्ही मला कान धरून बाहेर काढलंत. वर म्हणालात, की स्वतःची घे आणि मग दिवसभर बस. तो शब्द मी धरून ठेवला आहे. इथून गाडी आणायची तर जकातवाले मला सोलून काढतील. पण तुमच्याकडचे लष्करी साहेब बदली झाली की गाड्या विकतात, आणि वीस वर्षं मिलिटरीची इंजिनं उघडणाऱ्या माणसाइतकी पारख दुसऱ्या कुणाला असणार? तेव्हा निवड तुमची.

आईची पत्रं हल्ली चार ओळींची येतात. तिसगावचे पोस्टमास्तर लिहून द्यायला कंटाळले की तिलाच सांगायला काही उरलं नाही? मला तिची फार आठवण येते, एवढं तिच्या कानावर घाला.

मामीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ गाडीच्या वेगाने वाढू द्या.

तुमचा भाचा,
गोरक्ष

भिंगार, ३० जानेवारी १९७०

चि. गोरक्ष यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरातले कागद संपले म्हणून वर्कशॉपच्या जॉबकार्डाच्या पाठीवर लिहितो आहे, गोड मानून घे. तुझी मामी म्हणते, भाच्याला इंग्लंडचं पाणी बाधलं. मीही तेच म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी गाड्या बघायला गेलो.

दोन पाहिल्या. एक मेजरसाहेबांची लाल एम.जी. दोनच सीट, बॉनेटला पट्टा, हेडलाइट बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले. इंजिनाला कान लावला. आवाज एकसारखा, कार्बुरेटर स्वच्छ. दुसरी एका डॉक्टरांची पांढरी हेरल्ड. तिचं कापडी छत मागे दुमडतं, म्हणजे तुझा वारा तुला मिळतो, आणि शिवाय तिला मागची सीट आहे. गुडघे जरा दुमडले तर माणूस तिच्यावर आडवा होऊ शकतो. मी स्वतः होऊन पाहिलं. डॉक्टरांना वाटलं मला चक्कर आली.

माझं मत हेरल्डला. आपल्या मढीच्या जत्रेत गाढव घेणारा माणूससुद्धा आधी पाठ बघतो आणि मग चाल. तू नुसत्या चालीवर भाळला आहेस.

तुझ्या आईचं विचारलंस, तर अक्का बरी आहे. थंडीने जरा वाळली आहे. मध्यंतरी डोळे दाखवायला तिला पुण्याला नेलं होतं. तू अभ्यासात लक्ष घाल. लोभ आहे तसा राख, तेलपाणी वेळच्या वेळी घालत जा.

सहादेव

॥ श्री ॥
कॉव्हेंट्री, १० फेब्रुवारी १९७०

ती. मामांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. पाकिटातून कार्ड बाहेर काढलं तर वर श्री नाही, आणि कोपरा फाटलेला. मी तसाच पाऊल मागे घेऊन दाराबाहेर गेलो. मयताचं पत्र आपण उंबऱ्याच्या आत वाचत नाही, ते इतकं अंगात मुरलेलं आहे. बाहेर घोटाभर बर्फ आणि अंगात नुसता सदरा. घरमालकीण खिडकीतून हाका मारत होती. मला ओळी दिसत होत्या पण अक्षरं लागत नव्हती. मग कुठेतरी कार्बुरेटर दिसला, आणि मी पायरीवर बसून रडलो.

रडून झाल्यावर आठवलं. काम पास झालं की तुम्ही लोक जॉबकार्डाचा कोपरा फाडता. पत्र लिहून झालं म्हणजे काम पास झालं, हात आपोआप गेला असणार. मामा, पुन्हा असं करू नका. इथे माझ्याजवळ कुणी नाही.

आता हेरल्डचं. मागची सीट हवीच कशाला? कुणाला निजवायचं आहे? तुम्ही आणि मी, दोन माणसं, दोन सीट. गाडी लाल आहे हे वाचल्यापासून मला तीच स्वप्नात दिसते.

आईला मी बर्फात उभा राहिल्याचं सांगू नका. लोभाला सुट्टी देऊ नये.

गोरक्ष

॥ श्री ॥
तिसगाव, १ मार्च १९७०

चि. सहादूला छबूचा आशीर्वाद. पत्र पोस्टमास्तर लिवत्यात. मी बोलते तसंच लिवा, शुद्ध करू नगा, असं म्या त्यास्नी सांगितलं हाय.

पुन्याच्या डाक्टरनं काय सांगितलं ते मला ठावं हाय. तू आन मनकर्णा, दोगं नवराबायकू भायेर कुजबुजत हुता, पर नर्सबाईला म्या इचारलं, तिनं सांगितलं. पोटात गाठ हाय आन ती काढन्याजोगी न्हाई. डोळं दाखवाय गेलते असं तू पोराला लिवलंस ते बरं केलंस. आता तेच धरून ऱ्हा. तिकडल्या कारखान्यानं त्याला शिकाय ठिवलंय ते शेवटच्या परीक्षेच्या बोलीवर. त्याला कळलं तर त्यो उठून येनारच, आन चार वर्सं पान्यात जातील. तवा तुला कानिफनाथाची आन हाय. परीक्षा हुईस्तोवर एक अक्षर लिवायचं न्हाई. मी गेले तरी न्हाई.

गाडीचं तू सांगितलंस तवा लई हसले. मागली शीट माझ्यासाठी बगतुयास व्हय? मला निजून जायचं न्हाई, बाबा. निजून जायचं ते एकदाच हाय. पोराला आवडती ती घे. समिंदर म्या कदी बगितला न्हाई. मे म्हैन्यापर्यंत तगले तर पोराशेजारी बसून जाईन, मग तू यश्टीनं ये मागून.

त्यो बर्फात हुबा ऱ्हायला, ते तू वाचून दावलंस तवापास्नं माझ्या जिवाला लागलंय. त्याला ल्हानपनापास्नं थंडी सोसत न्हाई.

मनकर्णाला आशीर्वाद. होळीआधी मी भिंगारला येते. बहिनीवर जीव हाय तसाच ठेव.

छबू

॥ श्री ॥
भिंगार, २० मार्च १९७०

चि. गोरक्ष यास अनेक आशीर्वाद. श्री मोठा काढला आहे. चारही कोपरे मोजून घे, मग पुढे वाच.

निवड झाली. लाल एम.जी. मेजरसाहेब बदलीवर जाताना गाडी आपल्या दारात लावून जातील. आमच्याकडे रीत अशी, की गाडी पास करायची तर शेजारच्या सीटवर वाळूचं पोतं ठेवून घाट उतरायचा आणि चढायचा. अक्का इथेच आलेली आहे, म्हणून पोत्याऐवजी मी तिला बसवलं. तिने पदर डोक्यावरून ओढून टोक दातात धरलं आणि दोन्ही हातांनी दार. चांदबीबीच्या महालाच्या पायथ्याशी मला म्हणाली, की सहादू, हळू चालव. मेहेकरी येईपर्यंत विचारू लागली, की हिला एवढंच पळता येतं का.

करंजीच्या घाटावर तिने गाडी थांबवायला लावली. खाली तिसगावकडचा मुलूख उन्हाने पांढरा पडला होता. ती बराच वेळ बघत राहिली. मग आपलं शेत कुठं आलं ते तिने विचारलं. इतक्या लांबून ते दिसत नव्हतं, तरी मी बोट दाखवलं. परत आल्यावर दारात गाडी उभी करून अर्धा तास झाला तरी ती उतरेना. मामीने चहा गाडीतच नेऊन दिला. वाळूच्या पोत्याच्या निम्मंही तिचं वजन भरलं नाही, तेव्हा ही ट्रायल कागदावर टिकणार नाही.

आता माझं एक ऐक. दुसरी सीट मी सोडली. कन्याकुमारीला तू आईला ने. आणि पेपर झाला की तिथे रेंगाळू नकोस, मिळेल त्या पहिल्या विमानाने ये. मे महिन्यात इकडे ऊन फार होतं. उघड्या गाडीचा प्रवास जितका लवकर तितका चांगला.

आम्हा तिघांचा लोभ जोडून पाठवत आहे.

सहादेव

॥ श्री ॥
कॉव्हेंट्री, २ एप्रिल १९७०

ती. मामांना सा. न. वि. वि.

पदर दातात धरून बसलेली आई मला डोळ्यांसमोर दिसली आणि मी लायब्ररीत मोठ्याने हसलो. वाळूच्या पोत्याचं तर मी मित्रांनाही सांगितलं. दुसरी सीट तिचीच, यात विचारायचं काय? तुम्हाला पुढच्या वर्षी नेतो. तिच्यासाठी निळा रेशमी रुमाल घेतला आहे, वाऱ्यात पदर सावरत बसायला नको म्हणून.

लवकर ये म्हणता, पण उन्हाची भीती मला कसली घालता, मामा? मी तिसगावचा आहे. पेपरनंतर इथले दोघे मित्र आठवडाभर गाडीने स्कॉटलंडला निघाले आहेत आणि आलटून पालटून चालवायला मलाही घेत आहेत. लांब पल्ल्याचा हात बसेल. म्हणून तिकीट अठरा मेचं काढलं. इतके दिवस काढले, आता पंधरा दिवसांनी काय बिघडतं?

आईला सांगा, समुद्र कुठे पळून जात नाही. लोभाचा ब्रेक दाबू नये.

गोरक्ष

॥ श्री ॥
भिंगार, २९ एप्रिल १९७०

चि. गोरक्ष यास मामाचे आशीर्वाद.

बाळा, बसून वाच. अक्का गेली. सोळा एप्रिलला सकाळी, इथे, आमच्या घरी. तिच्या पोटात गाठ होती. पुण्याला डोळे दाखवायला नेलं नव्हतं, त्यासाठीच नेलं होतं. जानेवारीतच डॉक्टरांनी हात टेकले. तुझी परीक्षा होईपर्यंत कळवायचं नाही, अशी तिने मला कानिफनाथाची आण घातली होती. काल तुझा शेवटचा पेपर झाला, आज लिहितो आहे. तार करणार होतो, पण तारेलाही ती आधीच नको म्हणून गेली होती. तारेत दोन शब्द असतात, पोरगं एकटं त्यांचं काय करेल, असं म्हणाली.

अग्नी मी दिला. तो तुझा हक्क होता.

तुझं २ एप्रिलचं पत्र तिला वाचून दाखवलं तेव्हा स्कॉटलंडचं मी गाळलं. तिला ते कळलं. मधलं तू गिळलंस, पुन्हा वाच, म्हणाली. मग सगळं वाचलं. ती म्हणाली, की हिंडू दे त्याला. त्या वेळी मी आण मोडायला हवी होती. रोज वर्कशॉपला जाताना पोस्टावरून जात होतो आणि रोज पाय ओढून पुढे जात होतो. माझं चुकलं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. तू ठरव, आणि जे म्हणशील ते मी ऐकून घेईन.

आता श्रीचं. तू त्या दिवशी बर्फात उभा राहिलास ते तिच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही. तिने मला बजावलं, की माझं पत्र लिहिशील त्याच्यावर श्री काढ, कोपरा फाडू नको. पोराला दाराबाहेर उभं करू नको, त्याला आत, उबेला बसून वाचू दे. अशा पत्रावर श्री लिहायला मामीने हरकत घेतली. तरी मी लिहिला.

थोड्या अस्थी तुझ्यासाठी राखल्या आहेत. परसातल्या लिंबाला टांगल्या आहेत. गाडी दारात उभी आहे. दुसरी सीट अक्काचीच आहे. मी एस.टी.ने मागून येईन, तसं तिनेच ठरवून दिलं होतं.

आमच्यावर लोभ ठेव असं म्हणायला आज जीभ रेटत नाही. तरी ठेव.

सहादेव

ओबान, स्कॉटलंड, ११ मे १९७०

ती. मामा आणि मामी यांना नमस्कार.

तुमचं पत्र आठ तारखेला सकाळी मिळालं. पाकीट फोडलं तर वर ठळक श्री आणि चारही कोपरे जागच्या जागी. म्हटलं, गाडीची बातमी असणार. मित्र खाली हॉर्न वाजवत होते. समुद्र दिसला की तिथे निवांत वाचू, म्हणून मी ते घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

तीन दिवस ते माझ्या खिशात होतं. त्या तीन दिवसांत मी गाडी चालवली, मोठ्याने गाणी म्हटली, आईला दाखवायचे म्हणून फोटो काढले. काल दुपारी समुद्रकाठच्या एका बाकावर पत्र उघडलं. आत वाचायला तिथे घर नव्हतं आणि बाहेर जायला उंबरा नव्हता.

मामा, मला तुमचा फार राग आला. अजूनही आहे. तुम्ही मला उन्हाच्या गोष्टी लिहीत होतात. पण वाळूच्या पोत्याच्या निम्मं वजन, हेही तुम्हीच लिहिलं होतं, आणि ते वाचून मी हसलो होतो. मित्रांनाही हसवलं होतं. मागच्या सीटवर कुणाला निजवायचं आहे, असंही मीच विचारलं होतं.

त्या श्रीमुळे मला आणखी तीन दिवस आई होती, मामा. सोळा एप्रिलनंतर जगात ती फक्त माझ्यापुरती होती. तिला हवी होती तशी ऊब मला मिळाली. तिचे आभार मानावेत की तिच्याशी भांडावं, ते मला कळत नाही.

अलीकडचं तिकीट मिळालं तर मी या पत्राच्या आधी पोचेन. तरी लिहितो आहे, कारण समोर आलो की हे तोंडातून निघणार नाही. दुसऱ्या सीटवर कुणाला बसू देऊ नका. निळा रुमाल आणतो आहे. पत्रावर श्री लिहायला हात वळला नाही, मामीला सांगा. माझ्यावर लोभ करायला आता तुम्ही दोघंच आहात.

भिंगारला आलो की आधी परसातल्या लिंबाकडे जाईन, मग घरात येईन.

गोरक्ष