तू पडली काऊन नाई?

माझ्या घाबरट, लाडक्या आईस,

आज शनिवार. दुपारच्या एसटीनं वर्ध्याहून घरी आले आणि संध्याकाळी पहिल्यांदाच तुझ्या जागेवर बसले. म्हणजे अंगणातल्या त्या पालथ्या घमेल्यावर! तू गेल्यापासून त्यावर कोणी बसलंच नव्हतं. आपल्या मनूनं, तुझ्या शेंडेफळानं, आज माझी लहान चाकांची सायकल बाहेर काढली आणि हुकूम सोडला, "ताई, मले एअर शिकव. अन् आई बसे तिथीच बस."

बसले बाई. तिथं बसून जे दिसलं, ते तुला सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही, म्हणून लिहायला बसलेय. स्वयंपाक मनूवर सोपवलाय. भाकर करपल्याचा वास येतोय. येऊ दे!

पण आधी आपलं भांडण. तू मला हवेत एकदाही पाहिलं नाहीस. सगळ्या वडनेरनं पाहिलं, दूधवाल्यानं पाहिलं, आणि जन्म दिलेल्या बाईनं नाही! याचा मला किती राग होता, ठाऊक आहे ना?

आठवतं, बाबांनी ते क्वार्टर पाइप कसं बांधलं? मी त्यांना मोबाईलवर दाखवलं होतं. खाली जमिनीला टेकलेलं, मग वळत वळत वर जाणारं, आणि टोकाला अगदी भिंतीसारखं उभं. वरच्या कडेला लोखंडी पाइप. जोरात सायकल घेऊन चढायचं, पाइप ओलांडून हवेत जायचं, तिथंच वळायचं आणि त्याच उतारावर परत यायचं. याला एअर म्हणतात, असं मी सांगितलं, तर बाबा म्हणाले, "वाकवाले पातळ प्लाय लागन." आपल्या सेंटरिंगच्या कामातले, स्लॅब टाकून टाकून खराब झालेले प्लाय त्यांनी अंगणात आणून टाकले. जागा कुठं होती? मावळतीच्या कुंपणाजवळ तेवढी. तिथंच उभं केलं.

तू कमरेवर हात ठेवून ते पाहिलंस आणि म्हणालीस, "हे घसरगुंडी उलटी काऊन हाय?"

झालं! तेव्हापासून त्याचं नाव उलटी घसरगुंडी. शेजारच्या कमलाकाकू विचारायच्या, "वैशू कुठी हाय वं?" तर तू सांगायचीस, "कुठी जाते? असन उलट्या घसरगुंडीवर!"

आणि ती गादी! लहानपणी समोरच्या खोलीत कापूस भरला की मी पेटीवरून त्याच्यावर उड्या मारायची, आणि तू मला धोपटायचीस. कापूस मळतो म्हणून. तीच तू, त्या वर्षी वेचणी संपल्यावर पुन्हा वावरात गेलीस आणि कवडी गोळा करत बसलीस. अर्धवट उमललेला, डागी कापूस, ज्याच्याकडे व्यापारी ढुंकून पाहत नाही, तो! जुन्या पोत्यांची आणि चादरींची खोळ शिवलीस आणि त्यात तो सगळा कोंबलास. सरकीसकट! मी पहिल्यांदा त्यावर पडले तेव्हा पाठभर सरकी टोचली.

"आई, टोचते वं!"

"टोचू दे. हाड मोडल्यापेक्षा टोचलेलं बरं."

ती गादी चार जणांना झोपता येईल एवढी. बाबा आणि मी ओढत नेऊन पाइपाखाली, माझ्या चढायच्या रस्त्याच्या बाजूला टाकायचो. आणि संध्याकाळी तू घमेलं पालथं घालून बसायचीस. मांडीवर तुरीच्या शेंगा.

मी आधी नुसती चढायची आणि उतरायची. मग वर जाऊन चाक न उचलता वळायला शिकले. पण एअर काही जमेना. पुढचं चाक पाइपाच्या वर आलं की हँडल उचलायचं आणि खांद्यावरून मागं पाहायचं, जिथं उतरायचं तिथं. ऐकायला सोपं! माझं चाक पाइपावरून सुटलं की मी सायकल सोडून द्यायची आणि थेट गादीवर. रोज. सायकल एकीकडे, मी एकीकडे. टोंगळे सोलून निघाले, कोपरं सोलून निघाली. तू हळद घेऊन बसायचीस आणि हळद लावता लावता शिव्या द्यायचीस.

पण वर पाहायची नाहीस! शेंगा सोलता सोलता तुझे डोळे त्या गादीवर खिळलेले.

"आई, वर पाह्य ना!"

"मले भेव लागते. तू जाय वर. मी इथंच पाह्यतो."

"गादीकडे काय पाह्यतं? गादी उडून राह्यली का?"

"तू कुठी पडशीन? इथीच ना? मंग इथं कोणी पाहाले पाह्यजे का नाई?"

या बाईशी कोण वाद घालणार!

आणि वरून रात्री ताटावर बसलं की गंभीर चेहरा करून सांगायचीस, "आज वर गेलती वं तू. कालच्याहून जास्त." मला असा संताप यायचा! म्हणायचे, "तू पाहिलं कुठी? उगाच माझी समजूत काढते." तू माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकायचीस.

एकदा मात्र खरं बोललीस. "चढाच्या आधीच तू गादीकडे पाह्यतं. कुठी पडाचं ते पाहूनच चढतं." ते मला लागलं. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आज गादीकडे पाहायचंच नाही. चढले. पुढचं चाक सुटलं, मागचं सुटलं, मान वळवून पाइपाकडे पाहिलं, आणि आई, सायकल माझ्यासोबत वळली! पुढचं चाक उतारावर टेकलं, मग मागचं, आणि मी सर्रकन खाली येऊन पार कडुनिंबापर्यंत गेले. बाबा हातातली करवत टाकून ओरडायला लागले.

आणि तू? तू अजून गादीकडेच पाहत होतीस! मग बावरून उठलीस, मला शोधलंस, आणि काय विचारलंस?

"तू पडली काऊन नाई?"

अगं! बाबा हसून हसून खाली बसले. तू मात्र हसली नाहीस. जवळ येऊन माझे हात, टोंगळे दाबून पाहिलेस, जसं काही न पडल्यामुळंच मला लागलं असेल.

मग मी तुझ्या मागेच लागले. आई, आता तर जमते, आता तरी पाहा! तू म्हणालीस, संक्रांत होऊ दे. संक्रांत झाली तर म्हणालीस, वावर मोकळं होऊ दे. मोबाईलवर दाखवलं, तर तिथंही तोंडावर पदर घेतलास! दवाखान्यात, काविळीनं डोळे पिवळे झालेले असताना, माझा हात धरून म्हणालीस, "घरी गेल्यावर पाह्यतो बाप्पा. कबूल."

कबूल म्हणालीस ना? मग आलीच नाहीस घरी. असं करतात का?

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारातल्या बाया आल्या होत्या. त्यातली एक मला जवळ घेऊन म्हणाली, "तुयी आई सांगे, मायी पोट्टी पाइपाच्या हातभर वर जाते." मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं, आठवणीनं रडतेय. खरं तर रागानं रडत होते. गावभर सांगत फिरली, आणि पाहिलं एकदाही नाही!

त्यानंतर मी सायकलला हात लावला नाही. दोनदा चढायला उभी राहिले, पण पाय पॅडलवरच थिजले. वर पाहणारं तर आधीही कोणी नव्हतं. पण घमेलं रिकामं होतं गं. बाबा म्हणाले, गादी उसवून कापूस पिंजून घेऊ, घरात कामाला येईल. मी नाही म्हटलं. का नाही, ते मलाही सांगता आलं नाही.

आणि आज मनू! मी तिला सगळं समजावलं. हँडल कधी उचल, मान कशी वळव, गादीकडे अजिबात पाहू नको. मग घमेल्यावर बसले. म्हटलं, मी आईसारखी नाही. मी हिला नीट पाहणार.

मनू जोरात निघाली. पुढचं चाक त्या उभ्या फळीवर चढलं आणि मला पाहवेना! मान आपोआप खाली गेली. मी गादीकडे पाहायला लागले, आई. मी!

ऊन उतरलं होतं. सूर्य घसरगुंडीच्या मागं. तिची काळी सावली गादीच्या काठापर्यंत आलेली, सरळ रेघ ओढल्यासारखी. मनू चढत होती तोवर काहीच दिसलं नाही. मग त्या रेघेतून एकदम एक चाक बाहेर आलं, मग हँडल, मग मनूचं डोकं, वेणीसकट! त्या विटलेल्या खोळीवर सावली पुढं पुढं सरकली, क्षणभर थांबली, आणि मग धप्पकन मनू स्वतःच तिच्यावर येऊन पडली.

मी म्हटलं, "पुन्हा जाय." ती पुन्हा गेली. पुन्हा सावली आली. या वेळी गादीच्या मधल्या टाक्यापर्यंत.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आता मघापेक्षा जास्त गेली वं तू."

मनू अंगावरची धूळ झटकत म्हणाली, "तू पाहिलं कुठी, ताई? तू तं गादीकडे पाहून राह्यली!"

आई गं!

म्हणजे तू पाहत होतीस! रोज! कालच्याहून जास्त, हातभर वर, सगळं खरं होतं! फळ्यांवर असेपर्यंत सावली दिसतच नाही, हवेत गेलं तरच दिसते. मी हवेत असतानाचा एकही क्षण तुझा चुकला नसेल. आणि त्या दिवशी सावली आली, परत गेली, आणि मी काही पडले नाही. मग तू विचारणार नाहीस तर काय करशील? मी इतकी वर्षं ती गोष्ट मैत्रिणींना हसत हसत सांगितली.

पण तू मला सांगितलं का नाहीस? मी ताटावर तोंड वाकडं करायची तेव्हा एकदा तरी म्हणायचं, पोरी, सावली दिसते मला! की तुला वाटलं, मला ठाऊकच आहे? की माझ्याशी वाद घालण्यापेक्षा भाकर वाढणं तुला सोपं वाटलं? मनूनं विचारलं, ताई, काऊन रडतं? मी म्हटलं, सरकी टोचली. ती म्हणाली, तू तं गादीवर बसलीच नाई!

बरं, आता ऐक. गादी पिंजायला द्यायची नाही, बाबांना सांगून टाकलंय. खोळ एका कोपऱ्यात उसवलीय, ती मी सकाळी शिवणार. मनू ज्या दिवशी गादीवर पडणार नाही, त्या दिवशी मी तिला तुझ्यासारखंच विचारीन, पडली काऊन नाई म्हणून. तिचे टोंगळेही दाबून पाहीन.

आणि उद्या रविवार आहे. ऊन घसरगुंडीच्या मागं गेलं की मी स्वतः सायकल घेणार आहे. फार भीती वाटतेय, खोटं कशाला सांगू? पण जाणार. वर पाहा, वर पाहा म्हणून आता तुझ्यामागं लागणार नाही, कबूल.

तू गादीकडेच पाह्यजो.

तुझी,
सोललेल्या टोंगळ्यांची
वैशू