ताकदीच्या लाल गोळ्या

माय, आज तुझ्यावर लई चिडून लिहायला बसले आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आली का बया भांडायला? आधी चहा पी." म्हणून आधी चहा पिऊन घेतला. इथं हिंगोलीत आमचा जिना उतरला की औषधाचं दुकान आणि समोरच दवाखाना. आपल्या गावाहून कळमनुरीचा दवाखाना गाठायचा म्हणजे आधी नदी, मग फाट्यापर्यंत पायपीट, मग एसटीची वाट. पावसाळ्यात तर नदीच म्हणायची, बसा घरी. म्हणून ज्याला दवाखाना घडला त्यानं औषध पुरवून वापरायचं, ही आपल्या गल्लीची रीतच होती. बरं वाटलं की गोळ्या थांबवायच्या आणि उरलेल्या तुझ्याकडं आणून द्यायच्या. चुलीमागच्या फळीवर तुझा तो पत्र्याचा डबा. कोणाचं लेकरू तापलं की बाया दारात, "काकू, बघा बरं डब्यात काही हाय का?" मग तू रंग बघून द्यायचीस. पांढरी तापाची, पिवळी पोटाची. काय तो रुबाब! मला हसू यायचं, आणि माझी माय आहे म्हणून ऊरही भरून यायचा.

मग तुझाच खोकला सुरू झाला. हळद शिजवायचे दिवस होते, तू म्हणालीस धुरानं होऊन राहिलं. कळमनुरीला नेलं तर टीबी निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, महिनोन्महिने खायच्या म्हणून बजावलं. पण थोड्याच दिवसांत तू उभी राहिलीस, गालावर मांस चढलं, भाकरी थापता थापता ओव्या म्हणायला लागलीस. आणि एका सकाळी मी बघते तर तू त्या लाल गोळ्या डब्यात टाकून राहिलीस.

"काहून गं माय?"

"खोकला न्हाई आता. मंग खाऊन नासवू का? लाल हायत, ताकदीच्या. शेजारची पोरगी बाळंत झाली, तिला उभं राहवंना."

"डॉक्टर रागावतील."

"त्याला काय होतंय रागवायला? त्याच्या घरात डॉक्टर हाय."

दिल्यास तू तिला गोळ्या. वर ती म्हणते, काकू, बरं वाटलं!

पावसाळ्यात तुझा खोकला परत आला, या वेळी रक्त घेऊन. पूर ओसरेपर्यंत आम्ही तुला घेऊन पलीकडच्या काठाकडं बघत बसलो. बैलगाडीतून फाटा, तिथून एसटी. डॉक्टर केवढे ओरडले तुझ्यावर! "बाई, गोळ्या मधेच का सोडल्या? जीव नकोसा झालाय का?" तू पदर तोंडाला लावून बसलेली. खोकला थांबल्यावर हळूच म्हणालीस, "साहेब, तुमी लई लांब राहता." नव्या गोळ्या दिल्या त्यांनी, तू एकही कोणाला दिली नाहीस, पण आता त्या तुला लागू पडेनात. पुढची हळद तू पाहिली नाहीस.

मला तू पाहिजे होतीस गं. माझ्या बाळंतपणात, लेकीच्या लग्नात, उगाच एखाद्या दुपारी तोंड सोडायला. वसमतच्या बसमध्ये कोणी बाई खिडकीशी पदर सावरून बसलेली दिसली की मी अजून पुढं जाऊन तोंड बघून येते. एवढी वर्षं झाली, तरी जाते. हे लिहिलेलं तरी कुठल्या पेटीत टाकू?

गेल्या आठवड्यात मलाच खोकला झाला म्हणून समोरच्या दवाखान्यात गेले. काळजी करू नको, काही निघालं नाही. डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची, बोलायला गोड. घरात कोणाला टीबी होता का, विचारलं. म्हटलं, आईला होता, ती गेली.

"त्यांनी गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या का?"

तिनं साधंच विचारलं होतं. पण मला वाटलं, आता ही पण तुला ओरडणार.

"घेतल्या होत्या," मी म्हणाले. "एक पण सोडली न्हाई."

"मग कशानं गेल्या?"

"रस्ता नव्हता."

अर्धं खोटं बोलले, माय. परत कोणी विचारलं तर परत हेच सांगीन. तुझ्यावर रागवायचं असेल तर मी रागवीन, दुसऱ्या कोणाला रागवू द्यायची न्हाई.