बोटावरचे राखणदार

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवते वेळेवर.

आमच्या प्रयोगशाळेत नव्या माणसाला पहिल्या दिवशी जंतू वाढवायच्या बशीत स्वतःचं बोट टेकवायला लावतात. दोन दिवसांनी माझ्या बशीत ठिपकेच ठिपके! हात तीनदा धुतले होते गं. मोठ्या बाई हसल्या, "हे कातडीचे राखणदार. जखमेत शिरले की मात्र हेच घरभेदी."

आता मी जंतूंना रंग देऊन जांभळे कोण, गुलाबी कोण ते ओळखते. सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही.

म्हणून बाबांच्या पायाला मागच्या उरलेल्या गोळ्या नकोत. डॉक्टरांना दाखव. 'नुसतं खरचटलंय' असं एकदाच लिहिलं असतंस, तर मी विश्वास ठेवला असता. तुझ्या पत्रात ते चारदा आहे.

तुझीच,
धाकटी